काळ्या माशाला वेगळे अन्न देऊ नये

बिबवेवाडीतल्या त्या सोसायटीने पंचविसाव्या वर्षाच्या कार्यक्रमाला मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. पत्रिकेत छापलं होतं, 'याच वास्तूत लहानाची मोठी झालेली यशस्वी उद्योजिका'. वास्तूत! आम्ही वास्तूत कधीच नव्हतो. पाण्याची मोटर आणि मीटरची खोली यांच्यामध्ये बिल्डरच्या नजरेतून सुटलेली एक फट होती, तिला दार लावून तिला वॉचमनची खोली म्हणत. तिथे आम्ही तिघं राहिलो, तेही दोन दिवाळ्यांपुरते. लहानाची मोठी मी तिथे झाले हे मात्र खरं. गेले तेव्हा मला त्या लोकांची भीती वाटायची, निघाले तेव्हा नुसता राग यायचा. तो अजून येतो. चाळिशी उलटली तरी ओसरलेला नाही, आणि तो ओसरावा म्हणून मी कधी प्रयत्नही केलेला नाही. त्या रागावर माझा धंदा उभा आहे.

बाबा भंडाऱ्याकडचे. आम्ही ढिवर, तलावात मासे धरणारे आणि वाढवणारे. पुण्यात आल्यावर बाबा एका कारखान्यात नट कातायच्या मशीनवर होते. वर्तमानपत्रांत तेव्हा देश कसा खुला होतोय याचं कौतुक रोज असायचं. आमच्यासाठी फक्त कारखान्याचा दरवाजा खुला झाला, बाहेर जायला. मालकाने जुनी मशिनं विकली आणि मशिनांबरोबरची माणसं काढली. बाबांनी तिथून एकच वस्तू आणली, स्वतः कातलेला स्टेनलेस स्टीलचा एक नट, आवळ्याएवढा. तो किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून, खाकी शर्ट घालून ते या नव्या सोसायटीच्या दारात बसले. आवाज चढवणं त्यांना माहीत नव्हतं. माय मार्केट यार्डात कांदा निवडायला जायची आणि तिचा आवाज मात्र गाळ्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. मी तिच्यावर गेले आहे.

त्या खोलीतलं सगळं आयुष्य आवाजांवर चालायचं. साडेपाचला मोटर सुरू झाली की भिंत थरथरायची आणि फळीवरच्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणत राहायच्या. मग दुधाचे क्रेट आपटायचे, मग लिफ्टचं जाळीचं दार, मग तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकूंचा मिक्सर. बारावीचा अभ्यास मी मोटर बंद झाल्यावर करायचे. जेवायला भात, लाखोळीची डाळ आणि अंबाडीची भाजी. गावाकडून कुणी आलं की सुकट यायची, आणि ती तव्यावर पडली की बाबांचा चेहरा उजळायचा. हे सुख आम्हाला तीनदा मिळालं. चौथ्या वेळी आमच्या दारावर चिठ्ठी चिकटवलेली होती: 'वॉचमनच्या खोलीत सुकी मासळी शिजवू नये. वास वर जातो. – सेक्रेटरी.' माय वाचता येत नाही असं दाखवून तीन दिवस सुकट करत राहिली. चौथ्या दिवशी सेक्रेटरी दामले स्वतः आले, नाकाला रुमाल लावून, आणि ती चिठ्ठी त्यांनी दारात उभं राहून मोठ्याने वाचून दाखवली. कुलकर्णी काकू मात्र प्रेमळ. त्या आदल्या दिवशीच्या पोळ्या आणून द्यायच्या आणि म्हणायच्या, "अगं, फेकवत नाही ना!" आमच्या पोटात टाकवायच्या.

सुकटीवर बंदी आली आणि पंधरा दिवसांनी लॉबीत मासे आले. बिल्डरने माहितीपुस्तिकेत 'आकर्षक मत्स्यालय' लिहिलं होतं आणि दामल्यांनी त्याच्यामागे हात धुऊन लागून ते वसूल केलं. चार फुटी काचेची टाकी, वर दिवा, आत निळे खडे, प्लॅस्टिकची झाडं आणि बुडबुडे सोडणारा शिंपला. मंडईमागच्या गल्लीत माशांचं दुकान असलेल्या बशीरभाईंनी ती लावून दिली. लाल-सोनेरी मासे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, आणि तळाला पाच काळे खवलेदार मासे. त्यांचं तोंड पोटाच्या बाजूला, काचेला चिकटून शेवाळ खाणारं. बशीरभाईंनी जाताना हात पुसत सांगितलं, "साहेब, ये काले वाले शेवाळ खातात. पण टाकी नवी आहे, पाणी नवं आहे. दोन-तीन महिने शेवाळ धरणार नाही. तोपर्यंत काकडीची फोड नाहीतर उकडलेला पालक टाकायचा."

दामले म्हणाले, "बशीरभाई, काच साफ करतो म्हणून तुम्ही तो आम्हाला विकलात ना?"

"हो साहेब."

"मग त्याला साफ करू द्या. काकडी आम्ही खातो."

सगळे हसले. असल्या बोलण्याला तिथली शिकलेली माणसं हजरजबाबीपणा समजत असत. दुसऱ्या दिवशी टाकीवर लॅमिनेट केलेली पाटी लागली. ती मला अजून शब्दाशब्दाने पाठ आहे. '१. मजल्यानुसार ठरलेल्या वारी सकाळी आठ वाजता दोन चिमूट दाणे टाकावेत. २. काचेवर टिचक्या मारू नयेत. ३. काळ्या माशाला वेगळे अन्न देऊ नये. तो सफाईसाठी आणला आहे.' शिवाय बाबांना हुकूम होता की रोज सकाळी स्पंजने टाकीची काच आतून पुसायची, आठच्या आत लखलखीत दिसली पाहिजे. म्हणजे शेवाळ खायला मासा आणला, शेवाळ धरू नये म्हणून माणूस लावला, आणि वरून टाकलेले दाणे लाल-सोनेरी मंडळी तळाला पोचूच देत नसत. यातला घोळ त्या इमारतीतल्या एकाही पदवीधराच्या लक्षात आला नाही. त्यांत दोन इंजिनियर होते आणि एक प्राध्यापक.

बाबांच्या तो पहिल्या दिवशीच लक्षात आला. भात कालवताना ते म्हणाले, "नव्या तलावात पयल्या साली काईच नसते. पाणी कोरं असते. शेण टाकाव लागते, कोंडा टाकाव लागते, मंग हिरवं धरते. नाई तं मासोळी उपाशी मरते." मी म्हटलं, सांगा की त्यांना. ते नुसतेच हसले. तरी तीन आठवड्यांनी त्यांनी सांगून पाहिलं. काळ्या माशांची पोटं आत गेली होती, डोळे खोल गेले होते, आणि भूक अनावर होऊन ते सोनेरी माशांच्या अंगाला चिकटून त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर ओरपत होते. सोसायटीने याचा अर्थ लावला की काळे मासे गुंड आहेत.

"शेंडे," दामले बाबांना म्हणाले, "तुमचं मत कुणी विचारलं होतं का? नाही ना? मग झालं."

त्याच आठवड्यात दामल्यांच्या अमेरिकेतल्या निखिलचा ईमेल आला. तो कॉम्प्युटरचा कोर्स करून तिकडे गेला होता आणि दर रविवारी दामले सायबर कॅफेत जाऊन त्याचं पत्र कागदावर काढून आणायचे. त्याने लिहिलं होतं, 'बाबा, दॅट फिश इज सेल्फ-सफिशियंट. डोंट वरी.' दामल्यांनी तो कागद पाटीशेजारी चिकटवला. अमेरिकेतून आलं म्हटल्यावर विषय संपला. दोन दिवसांनी पाचातला एक मासा पोट वर करून तरंगला.

तेव्हा दामले आमच्या दाराशी आले आणि त्यांनी एकच वाक्य टाकलं. "शेंडे, टाकी तुमच्या देखरेखीखाली आहे. आणखी एक मासा मेला तर आपण एजन्सीचा माणूस बघू." एजन्सीचा माणूस म्हणजे निळा युनिफॉर्म, टोपी आणि हातात वायरलेस. शेजारच्या सोसायटीने तो ठेवल्यापासून आमच्या लोकांना बाबांच्या खाकी शर्टाची लाज वाटायला लागली होती. नोकरी गेली की खोली जाणार. खोली गेली की माझी बारावी कुठल्या छताखाली व्हायची?

माझं डोकं त्या दिवशी फिरलं ते फिरलंच. सकाळी मी मायबरोबर मार्केट यार्डात गेले. काकडीच्या गाळ्यावर एक बाई वाकड्या काकड्या बाजूला टाकत होती. मी म्हटलं, मावशी, या मला द्या. ती म्हणाली, "फुकट न्यायला आलीस व्हय?" मी म्हटलं, फुकट नको, अर्धा तास तुमच्या काकड्या निवडून देते, त्यातल्या तीन वाकड्या माझ्या. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "दोन." मी म्हटलं, "तीन, आणि उद्याही येते." आयुष्यातला माझा पहिला सौदा तो. आज मी हिंजवडीतल्या कंपन्यांच्या कँटीनला भाजी पुरवते, आणि वातानुकूलित खोलीत बसलेला खरेदी मॅनेजर भाव पाडायला लागला की मला ती बाई आठवते. तिच्यासमोर हा अगदी कच्चा.

पुण्यात एक ते चार ही वेळ देवाने चोरांसाठी आणि माझ्यासाठी ठेवली होती. जेवणं व्हायची, दारं लागायची, वीज वाचवायला टाकीवरचा दिवा बंद व्हायचा, आणि अख्खी इमारत वामकुक्षीत घोरायची. या तीन तासांत कुणी मेलं असतं तरी लोकांनी चारनंतर यायला सांगितलं असतं. त्या अंधुक उजेडात मी पहिली फोड टाकली. ती तरंगली आणि लाल माशांनी फस्त केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी टाकीच्या झाकणावर बाबांचा नट ठेवलेला होता, जुडग्यातून सोडवून, घासून लख्ख केलेला. बाबा फाटकाशी पाठ करून बसले होते. मी फोड नटाच्या भोकात घट्ट बसवली आणि सोडली. ती सरळ तळाला गेली. बराच वेळ काही झालं नाही. मग प्लॅस्टिकच्या झाडामागून एक काळं डोकं पुढे आलं, मग दुसरं. चौघांनी चारी बाजूंनी तोंडं लावली. मी काचेला नाक लावून बसले होते. काकडीचा गर संपून नुसतं हिरवं वर्तुळ उरेपर्यंत मी हलले नाही. पावणेचारला चमच्याने ते काढून घेतलं. नट धुऊन पुन्हा झाकणावर ठेवला. याबद्दल बाबा आणि मी एकमेकांशी अवाक्षर बोललो नाही.

महिन्याभरात मासे गरगरीत झाले. सोनेरी माशांना त्यांनी छळणं सोडलं. आणि दामले येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायला लागले, "पाहिलंत? एक दाणा वेगळा देत नाही आम्ही. सवय लावली की होतं. माणसांनाही हेच लागू आहे." हे शेवटचं वाक्य ते आमच्या खोलीच्या दिशेने बोलत. कढईत माशांसाठी पालक उकडत असायचा आणि माय पदराने तोंड दाबून हसायची. तो एक महिना मी त्या लोकांचा जितका तिरस्कार केला तितकीच मजाही केली. दोन्ही एकदम करता येतात हे मला तिथेच कळलं.

मग एका रविवारी कुलकर्णी काकूंच्या मुलीला बघायला अमेरिकेतलं स्थळ आलं आणि आलं ते सव्वातीनला. आपली सोसायटी किती आधुनिक आहे हे दाखवायला काकूंनी जाताजाताच टाकीचा दिवा लावला. आत चार काळे मासे काकडीला लुचत होते. मुलाची आई म्हणाली, "अय्या, काकडी! कोशिंबीर करताय का माशांची?" काकूंचा चेहरा त्या काकडीपेक्षा हिरवा झाला. स्थळ पुढे जमलं नाही. ते काकडीमुळे असं काकू अजून मानतात.

संध्याकाळी लॉबीत खुर्च्या मांडून सभा भरली. दामल्यांनी पाण्यातून काढलेला नट बशीत ठेवला होता, खुनाचं हत्यार ठेवावं तसा. "हा कुणाचा, शेंडे?"

"माझाच आहे साहेब. चूक झाली," बाबा म्हणाले आणि त्यांनी हात जोडले.

हात जोडलेले ते बाबा मला आजही नको असताना दिसतात. त्या चाळीस माणसांत माशांबद्दल सगळ्यात जास्त कळणारा माणूस तो एकटा होता. पन्नास एकरांचे तलाव हिरवे करणाऱ्या घराण्यातला. आणि तो चार फुटी टाकीपुढे हात जोडून उभा होता. एक तारखेपासून एजन्सीचा माणूस, असं कुणीतरी म्हणालं, लगेच दुसऱ्याने अनुमोदन दिलं. ठराव आधीच ठरलेला असणार.

मी मध्ये घुसले. "चूक यांची नाही. काकडी मी टाकली, रोज टाकली, म्हणून तुमचे मासे जिवंत आहेत."

"बाळ, मोठी माणसं बोलतायत," दामले म्हणाले.

"मोठ्या माणसांना साधा मासा कळत नाही."

मायने माझं मनगट धरलं होतं, मी ते सोडवलं. मी म्हटलं, "सौदा करा. एक महिना टाकीत आमच्याकडून काहीही पडणार नाही. तुमच्या पाटीप्रमाणे चालू द्या. महिन्यानंतर चारही जिवंत असले तर तुमचं खरं, आम्ही तोंडातून शब्द न काढता खोली सोडू. एक जरी मेला तरी आमचं खरं. मग बाबा इथेच राहणार, एजन्सीचं नाव काढायचं नाही, आणि पाटीवर तुम्ही स्वतःच्या हाताने लिहायचं, काळ्या माशाला रोज काकडी द्यावी."

दामल्यांचे डोळे चमकले. पुणेरी माणसाला जिंकण्यापेक्षा लेखी जिंकणं आवडतं. त्यांनी माझं म्हणणं सभेच्या वहीत उतरवून घेतलं, बाबांची सही घेतली, माझीही घेतली. बशीतला नट बाबांनी उचलून खिशात टाकला, तिकडे कुणी पाहिलं नाही. मग सावधगिरी म्हणून टाकीच्या झाकणाला कुलूप बसवलं. आणि त्या कुलपाची किल्ली त्यांनी बाबांकडे दिली! कारण काच आतून पुसायला सकाळी सहाला उठणार कोण? आठ वाजता दाणे टाकायलाही बाबांनीच झाकण उघडून द्यायचं. त्या चाळीस माणसांत कुणालाही यात काही वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही, ही माझी लाज.

तो महिना मी माशांच्या मरणावर जगले. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तेच खरं आहे. कॉलेजला जाताना टाकीपुढे वाकायचं, पोटं बघायची. आज आत जातील, उद्या जातील. मोटरच्या थरथरीत वाट्या किणकिणायच्या आणि मी पुस्तक पुढे धरून हिशेब मांडायचे की मागच्या वेळी एकवीस दिवसांत डोळे खोल गेले होते. एकवीस झाले. पंचवीस झाले. मासे काचेला चिकटून मजेत. पोटं तुकतुकीत. मला काही कळेना. मंडईत जाऊन मी बशीरभाईंना विचारलं. ते म्हणाले, "बेटा, हो नहीं सकता." मी काचेवर बोट फिरवून पाहिलं, बाबांनी पुसलेली काच आरशासारखी होती. मग मला वाटायला लागलं की आम्हीच मूर्ख. बशीरभाईंना काही कळत नाही, गावच्या तलावांचं सगळं खोटं, निखिलचा ईमेल खरा. त्या लोकांनी माझ्याकडून घेतलेली सगळ्यात मोठी वस्तू ती. खोली तर नंतर गेली.

तिसाव्या दिवशी दामल्यांनी टॉर्च मारून सगळ्यांसमोर मासे मोजले. एक, दोन, तीन, चार. टाळ्या पडल्या. कुलकर्णी काकूंनी पेढे वाटले आणि आम्हालाही दिले. मायने तिचा पेढा तिथेच पायरीवर ठेवला. दामले मला म्हणाले, "काय, पटलं का?" बाबांनी जुडगं त्यांच्या हातात दिलं, नमस्कार केला आणि मोटर बंद करायची वेळ झाली म्हणून शेवटची मोटर बंद केली.

डोंगराच्या अंगाला एक पत्र्याची खोली मिळाली. दुसऱ्या दिवशी माय दगडावर बाबांचा खाकी शर्ट घासत होती. ती एकदम थांबली. खिशातून तिने नट काढला. त्याच्या भोकात काकडीची साल वाळून चिकटलेली होती, हिरवी, दोन-तीन दिवसांपूर्वीची.

मी तो नट हातात घेऊन बाबांसमोर गेले. ते पत्र्याला खिळा ठोकत होते. त्यांनी नटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खिळा बाजूला ठेवला.

"रोज?" मी विचारलं.

"काच पुसताना टाकाव, दाणे टाकाच्या आधी काढाव."

"आपलं घर गेलं बाबा. माझी परीक्षा दोन महिन्यांवर आहे. एक मासा, फक्त एक मासा मरायला हवा होता!"

माय मागून म्हणाली, "काऊन वो, पोट्टीले सांगाचं तरी होतं."

बाबा म्हणाले, "सौदा तू केला, दामल्यानं केला. मासोळ्याईले कोनी इचारलं होतं का?"

मी चार महिने त्यांच्याशी बोलले नाही. परीक्षा दिली, कशीबशी पास झाले, कॉलेज सोडलं आणि काकडीवाल्या बाईच्या गाळ्यावर उभी राहिले. त्यानंतर मी हजारो सौदे केले. हरलेला तो एकच, आणि हरवलं माझ्याच माणसाने. बाबा जाऊन आता बारा वर्षं झाली. शेवटच्या आजारातही मी त्यांना म्हटलं होतं, तुम्ही मला बुडवलंत. ते म्हणाले, "हो," आणि हसले. माफ केलंय का, असं कुणी मला विचारू नये.

तर कार्यक्रमाला मी गेले. दामले आता ऐंशीच्या पुढे आहेत, आवाज तसाच. व्यासपीठावरून त्यांनी शाल देण्याआधी तीच गोष्ट सांगितली. कुणी एक हुशार पण तापट मुलगी, तिची पैज, आणि शिस्तीवर वाढलेले चार मासे. "एक फोडही न देता! विज्ञान आहे हे." सगळं सभागृह हसलं. निखिल अमेरिकेतून आला होता, तोही पोट हलवत हसला. नट माझ्या पर्समध्ये होता, नेहमी असतो. तो काढून टेबलावर ठेवायला दोन सेकंद लागले असते. पण मग त्या वहीतली बाबांची सही वर आली असती. ज्या माणसाने आयुष्यात कुणाला फसवलं नाही, तो त्या लोकांच्या तोंडी कायमचा लबाड झाला असता. मला खरं ठरायचं तर बाबांना खोटं पाडावं लागत होतं. आणि ते, या लोकांसमोर? या लोकांसमोर नाही.

"काय रंजना," दामल्यांनी माइकवरून विचारलं, "आता तरी पटलं ना?"

"पटलं, काका," मी म्हणाले.

जेवणात काकडीच्या चकत्या होत्या, जाड कापलेल्या. दीड वाजता मंडळी आपापल्या घरी आडवी व्हायला गेली आणि मी ताट घेऊन लॉबीत आले. टाकी तीच. पाटी नवी, रंगीत छापलेली, पण तिसरं कलम जसंच्या तसं. दिवा बंद. तळाला तीन काळे मासे, पोटं आत गेलेली. दारात एजन्सीचा निळा माणूस डबा खात बसला होता. मला बघून तो उठायला लागला.

"बसा, जेवा," मी म्हटलं. "किल्ली तुमच्याकडेच असते ना?"

तो गोंधळला. म्हणाला, "हो मॅडम, काच मीच पुसतो."

त्याने झाकण उघडून दिलं. मी नट काढला, चकतीची फोड त्याच्या भोकात घट्ट बसवली आणि पाण्यात सोडली. ती तळाला गेली. नट मी परत घेतला नाही.

"चारच्या आत काढून ठेवा," मी त्याला सांगितलं आणि गाडीकडे निघाले.